छायेला न्याय

कृष्णधवल छायाचित्र खोटे बोलत नाही, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. रंग भुलवतात, काळेपांढरे चित्र मात्र साक्ष देते, असे आपण सहज म्हणून जातो. वस्तुतः भर दिवसा निरोगी डोळ्यांना जग रंगीतच दिसते. आकाशाची निळाई, शेताची हिरवाई आणि माणसाच्या कातडीचा तांबूस सावळेपणा वगळल्यावाचून कृष्णधवल चित्र जन्मालाच येत नाही. म्हणजे या साक्षीदाराचा पहिला शब्दच फेरफाराचा असतो. मग पुढचा प्रश्न अटळ ठरतो. कोणता फेरफार सत्याच्या सेवेसाठी असतो आणि कोणता सत्याचा विपर्यास करतो?

पूर्वी हा प्रश्न डार्करूमच्या तांबड्या दिव्याखाली काम करणाऱ्यांपुरता मर्यादित होता. आज घरातल्या मेजावरचा इंकजेट प्रिंटर उत्तम प्रतीचे कृष्णधवल छायाचित्र छापू शकतो. त्यामुळे निर्णयाचा भार ज्याच्या त्याच्या शिरावर येऊन पडला आहे. अशा छपाईसाठी प्रिंटर जुळवण्याची खटपट वरवर पाहता छांदिष्टांची वाटेल. आमच्या मते तिच्यात न्यायाविषयीचा एक जुना धडा दडलेला आहे, आणि तो उलगडण्याचा प्रयत्न आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत.

या छपाईच्या इतिहासाच्या आरंभी एक गायक उभा आहे. ‘क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश’ या गायकवृंदातील ग्रॅहॅम नॅश हे छायाचित्रांचे संग्राहक आणि स्वतः छायाचित्रकार. संगणकावरील आपली छायाचित्रे कागदावर मनासारखी उतरावीत म्हणून त्यांनी आणि त्यांचे सहकारी मॅक होल्बर्ट यांनी आयरिस ३०४७ नावाचे, १,२६,००० डॉलर किमतीचे यंत्र घेतले. हे यंत्र मुळात मुद्रणालयांसाठी, छपाईपूर्वीचे नमुने काढण्याकरिता बनवलेले होते. त्यांनी ते कलेच्या कामी लावले आणि १९९१ साली कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथे ‘नॅश एडिशन्स’ ही छपाईशाळा सुरू केली. आज ते यंत्र अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पुढे दहाएक वर्षांतच त्याच जातीचे काम करणारे छोटे प्रिंटर सामान्य माणसाच्या घरात आले.

परंतु घरगुती प्रिंटर रंगासाठी जन्मलेला होता. त्याला करडी छटा मागितली की तो निळी, किरमिजी आणि पिवळी अशा तीन शायांचे सूक्ष्म थेंब शेजारी शेजारी टाकून ती रचतो. हे थेंब इतके लहान असतात की त्यांचे माप एका लिटरच्या लक्षकोट्यंश भागांत, म्हणजे पिकोलिटरमध्ये सांगावे लागते. तिघांचा तोल तंतोतंत साधला तर डोळ्याला करडा रंग दिसतो; एकाचे पारडे किंचित जड झाले तरी चेहऱ्यावर हिरवट वा गुलाबी झाक येते. त्यातही अडचण अशी की हा तोल प्रकाशावर अवलंबून असतो. खिडकीपाशी हिरवट वाटणारे चित्र रात्री दिव्याखाली तांबूस दिसू शकते. ज्या घरात उभा राहील त्या घरचा रंग घेणाऱ्या साक्षीदारावर कोण विश्वास ठेवील?

यावर उपाय निघाला तो अगदी सरळ होता. करडा रंग हवा असेल तर शाईच करडी असावी. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात छपाईशाळा चालवणारे जॉन कोन यांनी २००० साली ‘पिएझोग्राफी’ या नावाने अशी पद्धत घरगुती प्रिंटरसाठी उपलब्ध करून दिली. रंगीत शायांच्या जागी काळ्या शाईच्याच फिकट होत जाणाऱ्या छटा भरायच्या, हे तिचे तत्त्व होय. पुढे या छटा सातपर्यंत वाढल्या. अशा शायांत कार्बनचे कण असतात. काजळीचे आणि जुन्या लेखनातील काळ्या शाईचे हेच द्रव्य असून ते प्रकाशात सहसा विटत नाही. २००५ साली एप्सन कंपनीने काळी, फिकट काळी आणि अतिफिकट काळी अशा तीन शाया एकाच प्रिंटरमध्ये आणल्या. रॉय हॅरिंग्टन या अमेरिकन गृहस्थांनी ‘क्वाडटोन आरआयपी’ नावाची संगणक-प्रणाली लिहून अल्प मोबदल्यात लोकांच्या हाती दिली. कोणती शाई किती टाकायची याचा अधिकार तिने प्रिंटरच्या कंपनीकडून काढून छापणाऱ्याकडे सोपवला. अधिकार आला की जबाबदारीही आलीच.

ही जबाबदारी पार पाडण्याची रीत अशी. प्रथम शाईची सर्व छिद्रे मोकळी आहेत ना, हे नमुना छापून पाहायचे. मग कागदाची शाई पिण्याची मर्यादा शोधायची. प्रत्येक कागदाला एक मर्यादा असते. तिच्यापुढे कितीही शाई ओतली तरी काळेपणा वाढत नाही, उलट शाई साचते, पसरते आणि बारकावे बुडतात. त्यानंतर खरी परीक्षा येते. कोऱ्या पांढऱ्यापासून पूर्ण काळ्यापर्यंत पाच-पाच टक्क्यांच्या अंतराने एकवीस चौकोनांची एक पट्टी छापायची, ती दिवसभर वाळू द्यायची आणि प्रत्येक चौकोनाचा उजळपणा मापकयंत्राने मोजायचा. शून्य ते शंभर अशा मापावर चांगल्या सुती मॅट कागदाचा पांढरा रंग साधारण ९६ भरतो आणि काळा साधारण १६. मधल्या ऐंशी अंशांत वीस पायऱ्या बसवायच्या, म्हणजे प्रत्येक पायरी चार अंशांची हवी.

न जुळवलेल्या प्रिंटरची शिडी अशी नसते. कागदावर पडलेला थेंब पसरतो, त्यामुळे मधल्या छटा मागितल्यापेक्षा गडद होतात. अखेरच्या चार-पाच पायऱ्या तर एकमेकींत मिसळून एकच काळा ढीग बनतो. पंच्याऐंशी आणि पंच्याण्णव टक्क्यांतला भेद कागदावर उरतच नाही. तेव्हा मोजलेल्या आकड्यांवरून एक वक्ररेषा तयार करायची. कोठे शाई कमी, कोठे किंचित अधिक. पट्टी पुन्हा छापायची, पुन्हा मोजायची. एकवीस चौकोन समान अंतराने उभे राहिले म्हणजे प्रिंटर जुळला. कागद बदलला की हे सारे पुन्हा करावे लागते.

येथे एक गोष्ट चिंतनीय आहे. शिडी सरळ यावी म्हणून शाईची रेषा वाकवावी लागते. सर्व छटांना सारख्याच हिशेबाने शाई दिली तर न्याय होत नाही; प्रत्येकीला तिच्या गरजेप्रमाणे दिली तरच प्रत्येकीला तिचे स्थान मिळते. अॅरिस्टॉटलने आपल्या ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’च्या पाचव्या भागात समन्यायाचा विचार करताना लेस्बॉस बेटावरील गवंड्यांच्या मोजपट्टीचा दाखला दिला आहे. ती पट्टी शिशाची असे आणि दगडाच्या आकाराप्रमाणे वाके. कायदा सर्वसामान्य असतो, माणसांचे प्रसंग वेगवेगळे असतात, म्हणून न्यायालाही लवचीकपणा हवा, हा त्याचा आशय. परंतु ती पट्टी दगडाच्या आकाराला वाके, गवंड्याच्या लहरीला नव्हे. आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या भेदात आहे. मोजलेल्या वस्तुस्थितीपुढे वाकणे हा समन्याय. स्वतःच्या आवडीपुढे वाकणे हा पक्षपात.

हे माप बाहेरचे का असावे, डोळा का पुरेसा नाही, असे कोणी विचारील. त्याचे कारण डोळ्याची सवय. हिरवट झाक असलेले चित्र अर्धा तास पाहत बसले की ते डोळ्याला करडेच वाटू लागते. डोळा खोटे बोलत नाही, तो रुळतो. मनुष्याच्या सदसद्विवेकबुद्धीचेही असेच आहे. रोजच्या सहवासाने तिलाही वाकडे सरळ दिसू लागते. म्हणून स्वतःबाहेरचे एखादे माप हाताशी ठेवणे ही नम्रतेची खूण समजावी.

आता या खटपटीत सर्वांत अधिक श्रम कोठे लागतात ते पाहा. उजळ छटा थोड्या प्रयत्नाने वठतात. कष्ट पडतात ते गडद छटांसाठी. आणि सावळ्या व काळ्या माणसांचे चेहरे बहुधा शिडीच्या याच खालच्या भागात असतात. तेथील पायऱ्या एकमेकींत मिसळल्या की गोऱ्या चेहऱ्याचे फारसे बिघडत नाही. काळ्या चेहऱ्याचे मात्र डोळे, गालांची उंचवट, कपाळावरची रेघ सारे नाहीसे होते. रंगीत छायाचित्रणाच्या इतिहासात हे उघड घडले. १९५०च्या दशकापासून अमेरिकेतील छपाईशाळांत रंगांचा तोल तपासण्यासाठी कोडॅकची नमुना-छायाचित्रे वापरली जात. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्यांना ‘शर्ली कार्ड’ म्हणत. त्यांवरील स्त्री गोरी असे. तिची कातडी ठीक दिसली म्हणजे यंत्र ठीक, असा हिशेब होता. कित्येक दशकांनंतर नमुन्यांत निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया आल्या. तेथे कोणी द्वेष केला असेलच असे नाही. परंतु ज्याच्या चेहऱ्यावरून माप ठरते, त्याच्या सोयीने जग छापले जाते.

याच्या उलट उदाहरण न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत जन्मलेले कृष्णवर्णीय छायाचित्रकार रॉय डिकराव्हा (१९१९–२००९) यांचे. ते आपल्या चांदीच्या कागदावरील प्रती अतिशय गडद छापत. प्रथमदर्शनी चित्र काळोखात बुडालेले वाटते. डोळा थोडा थांबला की त्या काळोखातून एकेक छटा वेगळी होते आणि माणूस समोर येतो. त्यांनी आपल्या माणसांना उजेडात ओढून उजळ केले नाही; काळोखालाच बोलके केले. घरातला प्रिंटर जुळवणाऱ्याने शेवटच्या पाच पायऱ्यांसाठी घेतलेले श्रम हे याच जातीचे आहेत.

येथे एक आक्षेप संभवतो. कला म्हणजे केवळ मोजमाप काय? अॅन्सेल अॅडम्स यांनी १९४१ साली न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावी टिपलेले चंद्रोदयाचे जगप्रसिद्ध चित्र पुढील अनेक वर्षे पुन्हा पुन्हा छापले, आणि उत्तरकाळच्या प्रतींत आकाश अधिकाधिक काळे होत गेले. मूळचे पियानोवादक असलेले अॅडम्स निगेटिव्हला संगीताची लिखित संहिता आणि छापील प्रतीला तिचे वादन मानीत. मग हा विपर्यास म्हणायचा काय? आम्ही तसे म्हणणार नाही. गवयाला राग खुलवण्याचे स्वातंत्र्य असते, परंतु आधी तंबोरा लावावा लागतो. बेसूर तंबोऱ्यावर घेतलेली हरकत ही स्वातंत्र्याची खूण नसून अपघात असतो. जुळवलेला प्रिंटर म्हणजे लावलेला तंबोरा. त्यावर छापणाऱ्याने आकाश गडद केले तर तो त्याचा उच्चार, आणि त्याची जबाबदारी त्याची. न जुळवलेल्या यंत्रावर जे गडद होते, त्याची जबाबदारी कोणीच घेत नाही.

हा सगळा विचार आपल्या घरांपर्यंत येतो तो भिंतीवरच्या तसबिरींमुळे. कुटुंबात मृत्यू घडला की जुने छायाचित्र शोधले जाते, स्कॅन होते आणि मोठे करून छापले जाते. त्या वेळी आजीचा चेहरा ‘जरा उजळ करा’ ही सूचना कोणी ना कोणी करतोच. सूचना प्रेमाची असते, हे आम्ही जाणतो. प्रेमाला सजवावेसे वाटते. तरीही येथे दोन गोष्टी वेगळ्या करणे आवश्यक आहे. कागदाला पडलेली घडी, वाळवीने खाल्लेला कोपरा, ओलीचे डाग ही कागदाला झालेली इजा आहे, ती पुसावी. सुरकुत्या आणि सावळेपणा या कागदाच्या जखमा नव्हेत. त्या तिच्या आहेत. उन्हात राबून कमावलेला वर्ण डाग म्हणून पुसणे म्हणजे तिच्या आयुष्याची साक्ष बदलणे होय. जिवंत माणूस निदान तक्रार करू शकतो. मृताला आपली बाजू मांडता येत नाही. म्हणून मृताच्या चित्राबाबत आपले कर्तव्य अधिक कडक ठरते.

शिवाय त्या भिंतीखाली उद्या एक नात वाढणार आहे. आजीला तिने पाहिलेले नसेल. तसबीर हीच तिची आजी. आजीचा सावळा वर्ण नातीकडे आला असेल आणि तसबिरीतली आजी गोरी असेल, तर एक शब्दही न बोलता आपण त्या मुलीला सांगतो की तिच्यासारखे या घरात कोणी नव्हते. हे असत्य कोणी मुद्दाम उच्चारलेले नसते. छपाईच्या वेळी एक कळ थोडी पुढे सरकवली, एवढेच घडलेले असते.

एकवीस चौकोनांची ती पट्टी वाळत घालून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबणे हे नीरस काम आहे, यात शंका नाही. परंतु न्यायाची बहुतेक कामे अशीच नीरस असतात. त्यांत मोजावे लागते, थांबावे लागते, पुन्हा मोजावे लागते. सर्वांत गडद पायरी शेजारच्या पायरीहून वेगळी दिसू लागली की यंत्र तयार झाले असे समजावे. मग आजीचे चित्र छापावे आणि ती जशी होती तशी तिला भिंतीवर येऊ द्यावी.