वाणीचा धनी

मे १९९४ मध्ये फिलिपिन्समधील एबीएस-सीबीएन या प्रसारण संस्थेने 'मेल अँड जे मॅनेजमेंट अँड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन' नावाच्या कंपनीशी एक करार केला. कंपनीच्या वतीने तिचे अध्यक्ष जे सोन्झा आणि कोषाध्यक्ष मेल तियांको हे करारास उभे राहिले, आणि ज्या गोष्टीचा हा करार होता ती गोष्ट म्हणजे खुद्द सोन्झा यांचे बोलणे. सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ ते १० नभोवाणीवर आणि दर रविवारी सायंकाळी ५.३० ते ७ दूरचित्रवाणीवर 'मेल अँड जे' या संवादाच्या कार्यक्रमाचे सहसूत्रसंचालक म्हणून त्यांनी बोलावे, अन्य कोणत्याही वाहिनीसाठी बोलू नये, आणि त्याबद्दल पहिल्या वर्षी दरमहा ३,१०,००० व पुढील दोन वर्षे दरमहा ३,१७,००० पेसो घ्यावेत, असा त्याचा मसुदा होता. जो मनुष्य वाणी देणारा, तोच त्या वाणीचा मुखत्यार होऊन सौदा ठरवणारा! या एका कागदात कर्तृत्वाचा जो प्रश्न दडलेला होता तो पुढे चार दरबारांत गाजला, आणि मला तो केवळ कायद्याचा वाटत नाही. आपल्या शास्त्रांनी आणि संतांनी ज्याच्यावर आयुष्ये वेचली त्याच प्रश्नाचा तो एक अर्वाचीन अवतार आहे.

१ एप्रिल १९९६ रोजी सोन्झा यांनी संस्थेच्या प्रमुखांना पत्र लिहून, आपल्या कार्यक्रमांसंबंधी व कारकिर्दीसंबंधी नुकत्याच घडलेल्या घटनांमुळे आपण कायमचा राजीनामा देत आहोत, असे कळवले आणि महिना सरण्याच्या आत केसॉन सिटीतील श्रमखात्याकडे फिर्याद गुदरली. थकलेले वेतन, सेवासमाप्तीची रक्कम, रजेचा मोबदला, तेराव्या महिन्याचा पगार या मागण्यांतील प्रत्येक मागणी नोकराची होती. संस्थेने उलट कैफियत दिली की हा मनुष्य आमचा नोकर कधी नव्हताच. श्रम-लवादाने १९९७ मध्ये फिर्याद काढून टाकली, राष्ट्रीय श्रम आयोगाने आणि अपील न्यायालयाने तोच निर्णय कायम केला, आणि अखेर १० जून २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती आंतोनियो कार्पियो यांनी लिहिलेल्या निवाड्यात, सोन्झा हे स्वतंत्र कंत्राटदार होते, चाकर नव्हते, यावर शिक्कामोर्तब केले. मनुष्य 'मी चाकर आहे' असे म्हणतो आहे आणि न्यायासन त्याला 'तू स्वतंत्र आहेस' असे बजावते आहे, ही घटना मला विलक्षण वाटते. कारण इतिहासात बहुधा याच्या उलट घडत आले आहे.

हा प्रश्न ज्या देशात उपस्थित झाला त्या देशाने वाणीच्या मालकीसाठी भारी किंमत मोजलेली आहे. सप्टेंबर १९७२ मध्ये फर्दिनांद मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला तेव्हा हीच एबीएस-सीबीएन बंद पाडण्यात आली आणि मार्कोस यांची सत्ता जाईपर्यंत तिचे प्रक्षेपण बंदच राहिले. २२ फेब्रुवारी १९८६ च्या रात्री मनिलाचे कार्डिनल हाइमे सिन यांनी 'रेडिओ व्हेरितास' या कॅथलिक नभोवाणी केंद्रावरून हाक दिली, आणि ती ऐकून लक्षावधी माणसे एड्सा नावाच्या राजमार्गावर उतरली. चार दिवसांत राज्य पालटले. ज्या समाजाने नभोवाणीवरच्या आवाजाच्या पाठोपाठ जाऊन रणगाड्यांपुढे छाती धरली, त्या समाजात सूत्रसंचालकाचे बोलणे ही करमणुकीची बाब राहत नाही. ते बोलणे कोणाचे, बोलणाऱ्याचे की ध्वनिक्षेपकाच्या मालकाचे, हे ठरवणे म्हणजे लोकांनी कोणावर विश्वास टाकावा हे ठरवणे होय.

नोकर कोण हे ओळखण्याच्या तेथील कायद्याच्या चार कसोट्या आहेत: निवड कोण करतो, वेतन कोण देतो, बडतर्फ कोण करू शकतो, आणि काम करण्याच्या रीतीवर नियंत्रण कोणाचे चालते. या चारांत चौथी सर्वांत निर्णायक. तिच्यावर घासून पाहिले तेव्हा न्यायालयाला असे दिसले की कार्यक्रमाचे स्वरूप व वेळ बदलण्याचा अधिकार संस्थेने राखून ठेवला होता. परंतु सोन्झा यांनी काय बोलावे, कसे बोलावे, याविषयी तिचा हुकूम चालत नव्हता. त्यांचे बोलणे संस्थेला पसंत पडले नाही तर ती ते प्रक्षेपित न करण्यास मुखत्यार होती, पण तरीही ठरलेला मोबदला तिला द्यावाच लागला असता. म्हणून ते स्वतंत्र. आणि स्वतंत्र म्हणून चाकर नव्हेत.

या अनुमानाची पहिली पायरी मला मान्य आहे, दुसरी नाही. आणि का नाही हे सांगण्यासाठी मला पाणिनीकडे जावे लागते. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात कारकांचा विचार करताना त्या महर्षीने, क्रियेच्या सिद्धीत जो स्वतंत्र असतो त्याला कर्ता म्हटले, आणि लगेच पुढच्याच सूत्रात, त्या कर्त्याला जो प्रवृत्त करतो त्यालाही हेतू आणि कर्ता अशा दोन्ही संज्ञा दिल्या. शाळेत आपण सर्वांनी घोकलेला प्रयोजक आणि प्रयोज्य कर्त्यांचा भेद तो हाच. देवदत्त यज्ञदत्ताकडून भात शिजवून घेतो तेव्हा देवदत्त कर्ता झाला म्हणून यज्ञदत्ताचे कर्तेपण नाहीसे होत नाही. चूल पेटवायची कशी, पाणी किती घालायचे, तांदूळ शिजला हे कसे ओळखायचे, यात तो पूर्वीइतकाच स्वतंत्र राहतो. कोणाच्या सांगण्यावरून काम करणे आणि त्या कामात स्वतंत्र असणे या दोन गोष्टी एकाच माणसाच्या ठायी नांदू शकतात, हे वैयाकरणांनी अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखले होते. मनिलाच्या न्यायासनाने मात्र त्यांना परस्परविरोधी मानले: नियंत्रण असेल तर चाकरी, नसेल तर कंत्राट, तिसरी वाट नाही.

त्या निवाड्यातला एक बारकावा मात्र मी पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे. सोन्झा यांच्या बाजूने असे मांडले गेले की यंत्रसामग्री, तंत्रज्ञ, प्रक्षेपणाची वेळ हे सारे संस्थेचे होते. आणि ज्याची हत्यारे दुसऱ्याची, तो चाकर नव्हे तर कोण? न्यायालयाने उत्तर दिले की या माणसाच्या कामाची खरी साधने ती नव्हेतच. त्याला लागणारी साधने म्हणजे त्याची प्रतिभा, त्याचे कौशल्य आणि कार्यक्रमात दिसण्यासाठी लागणारा पोशाख. छायायंत्रे आणि मनोरे एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला एक अंगरखा व त्याच्या आतली वाचा! ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात आत्म्याच्या कर्तृत्वाचा विचार चालला असता सूत्रकारांनी सुताराचा दाखला दिला आहे, आणि शंकराचार्यांनी तो असा उलगडला आहे की वाकस आदी हत्यारे हाती असली तर सुतार कर्ता होतो व शिणतो, ती ठेवून घरी आला की स्वस्थ होतो. तद्वत् आत्म्याचे कर्तेपण उपाधींमुळे आहे, स्वभावाने नव्हे. सुताराला वाकस खाली ठेवता येतो. परंतु ज्याचे हत्यार वाणी आहे त्याने ते कोठे ठेवायचे? घरी जेवताना, प्रार्थनेला गुडघे टेकताना, लेकराला निजवताना त्याच्या मुखात तीच वाणी असते जी सकाळी ८ वाजता संस्थेच्या कामी लागली होती. हत्यार आणि हत्यार धरणारा यांत येथे अंतरच उरत नाही, आणि म्हणूनच वाणीचा करार हा इतर करारांसारखा नसतो.

त्यात हे बोलणे दोघांचे होते, ही गोष्ट वकिलांच्या युक्तिवादात मागे पडली तरी तत्त्वचिंतकाला मागे टाकता येत नाही. संवादात एकाचे वाक्य दुसऱ्याच्या प्रश्नातून जन्माला येते. मेल तियांको काय विचारतील हे कळल्याखेरीज सोन्झा यांना आपण काय म्हणणार हे ठाऊक नसते, आणि दोघांनाही जे ठाऊक नाही ते तिसऱ्याने आधी लिहून देणे अशक्यच आहे. त्यामुळे दोघांच्या गप्पांइतके हुकुमाच्या बाहेरचे दुसरे काम क्वचितच असेल. पण मग त्या बोलण्याचा 'स्वतंत्र' कर्ता तरी कोण? एकट्या सोन्झा यांना ती पदवी देताना न्यायालयाने जे मोजले त्यातला अर्धा वाटा शेजारच्या खुर्चीचा होता. करार मोडल्यावर त्याच वर्षी दोघे जीएमए या प्रतिस्पर्धी वाहिनीवर 'पार्टनर्स मेल अँड जे' घेऊन उभे राहिले आणि तो कार्यक्रम २००४ पर्यंत चालला. मनोरे बदलले, वाहिनी बदलली, संवाद तोच राहिला. तो पहिल्या संस्थेचा नव्हता, याला यापेक्षा मोठा पुरावा नको.

चाकर आणि स्वतंत्र या दोन्ही पदव्या एकाच वाणीने धारण केल्याचे महाराष्ट्राला ठाऊक असलेले सर्वांत थोर उदाहरण तुकोबांचे. आपल्या अभंगांचे भांडार धन्याचे आहे आणि आपण केवळ तो माल वाहणारे हमाल आहोत, असे त्यांनी निःसंदिग्ध सांगितले. त्यांच्याइतकी पूर्ण चाकरी कोणी पत्करली नसेल, आणि त्यांच्याइतके निर्भय बोलणेही कोणाच्या मुखी क्वचितच आले असेल. परंपरा सांगते की वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या तरी ती वाणी मिटली नाही. कोणी म्हणेल की देवाची चाकरी आणि भांडवलदाराची चाकरी यांची तुलना करणे हा भक्तीचा अवमान आहे. मी ती तुलना करीत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की 'मी दास आहे' या म्हणण्याने बोलणाऱ्याचे स्वातंत्र्य आपोआप नष्ट होते हा समज खरा नाही. ते केव्हा नष्ट होते, हे शोधायचे तर दास्य कोणाचे आणि त्या दास्यात काय बोलण्याची मनाई आहे, हे पाहावे लागते.

आणि मनाई तेथे होती. सोन्झा यांनी कार्यक्रमातून संस्थेवर किंवा तिच्या हितसंबंधांवर टीका करू नये, एवढे एक कलम करारात होते. बाकी सर्व विषयांवर मोकळीक असताना या एका निर्बंधाने माणूस परतंत्र होत नाही, असे न्यायालयाने धरले. माझे मन येथे अडते. बोलणे हे केवळ उच्चारलेल्या शब्दांचे बनलेले नसते. काय गाळले हेही त्याचे अंग असते, आणि आपल्याकडे मौनाची गणना तपात केली जाते ती ते स्वतःहून धरलेले असेल तर. विकत घेतलेले मौन हे तप नव्हे. फिलिपिन्समध्ये मोठी घराणी वृत्तवाहिन्याही चालवतात आणि अन्य मोठे व्यवसायही, आणि एबीएस-सीबीएनचे मालक लोपेझ घराणे त्यांपैकीच एक आहे. तेव्हा 'हितसंबंध' या शब्दाची सरहद्द कोठवर पोहोचते हे रविवारी सायंकाळी घरोघरी ऐकत बसलेल्या कुटुंबाला कसे कळावे? शब्दांवर हुकूम नव्हता हे खरे, पण मौनावर होता. आणि वाणीच्या धन्याची ओळख मला तरी तेथेच पटते.

न्यायालयाने आणखी एक खूण सांगितली: मोबदला इतका मोठा व असाधारण आहे की तो नोकराचा वाटतच नाही. फिलिपिन्स हा बहुसंख्येने कॅथलिक देश आहे, आणि ज्या धर्मपीठाला तो मानतो त्या पीठावरून पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये 'रेरुम नोवारुम' या परिपत्रात श्रमाची दोन लक्षणे सांगितली होती. श्रम वैयक्तिक आहे, कारण श्रमशक्ती माणसाच्या व्यक्तित्वाला चिकटलेली असून त्याची स्वतःची असते. आणि श्रम आवश्यक आहे, कारण त्याच्या फळावाचून माणूस जगू शकत नाही. पहिल्या लक्षणावरून पाहिले तर श्रमाची किंमत दोघांनी राजीखुशीने ठरवावी हे ठीक. पण दुसरे लक्षण पहिल्यापासून तोडता येत नाही, आणि म्हणून राजीखुशीच्याही वर एक न्याय आहे, असा त्या धर्मचिंतकाचा आग्रह होता. हा विचार मला फार मोलाचा वाटतो. सोन्झा यांच्या निवाड्यात पहिले लक्षण पुरेपूर मानले गेले आणि दुसरे त्यांच्या घसघशीत मोबदल्यामागे झाकले गेले. पुढे २००७ मध्ये दुसऱ्या एका वाहिनीच्या वृत्तनिवेदिकेचा दावा याच न्यायालयापुढे आला. ती चार वर्षे त्याच त्या कराराचे नूतनीकरण करीत बातम्या सांगत होती, तिला महिना २८,००० पेसो मिळत, आणि सोन्झा यांच्या मानाने ही रक्कम फारच अल्प आहे याची नोंद घेऊन न्यायालयाने तिला नोकर ठरवले. निर्णय न्याय्य होता, असेच मी म्हणेन. परंतु दोन माणसे छायायंत्रापुढे बसून आपल्याच कंठाने बोलतात आणि त्यांपैकी एकाचा आत्मा स्वतंत्र व दुसरीचा परतंत्र हे जेव्हा रकमेवरून ओळखले जाऊ लागते, तेव्हा स्वातंत्र्य हा कर्त्याचा धर्म उरत नाही, तो बाजारातला दर होतो. पाणिनीच्या यज्ञदत्ताचे कर्तेपण त्याला किती शेर तांदूळ मिळाले यावर अवलंबून नव्हते.

ज्या संस्थेने नियंत्रण नाकारून हा दावा जिंकला, तिचे स्वतःचे बोलणेही एका सनदेवर टांगलेले होते. ४ मे २०२० रोजी तिच्या प्रक्षेपणाच्या सनदेची मुदत संपली, दुसऱ्याच दिवशी सरकारी हुकुमाने तिचा आवाज बंद झाला, आणि १० जुलै रोजी संसदेच्या समितीने ७० विरुद्ध ११ मतांनी नवी सनद नाकारली. ऑगस्टच्या अखेरीस हजारो माणसांना कामावरून कमी करण्यात आले. तेथील श्रमसंहितेप्रमाणे अशा वेळी नोकराला सेवासमाप्तीची रक्कम मागण्याचा हक्क असतो. स्वतंत्र ठरलेल्या कंत्राटदाराला तो नसतो. त्यानंतर काही दिवसांतच, सप्टेंबर २०२० मध्ये, त्याच संस्थेच्या छायाचित्रकार, तंत्रज्ञ आदींच्या जुन्या दाव्यांवर सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला: त्यांना संस्थेने दिलेले स्वतंत्र कंत्राटदाराचे नाव काहीही असले, तरी ते तिचे कायम नोकर होत. त्यांच्या कौशल्यावर कोणी संशय घेतला नव्हता, आणि नोकर ठरल्याने त्यांच्या हातातले ते कौशल्य तसूभरही उणे झाले नाही.