पैसा घेतला नाही, मग दोष कसला?

पहिल्या दोन सरींत नवा रस्ता वाहून गेला की आपण सगळे एकच वाक्य बोलतो, “खाल्ले असतील पैसे!” पण समजा, कोणी पैसे खाल्लेच नसतील तर? साहेबांनी एक रुपयाही घेतला नाही. फक्त ओळखीच्या ठेकेदाराला काम दिले. त्याच्यासाठी टेंडरमध्ये एक सोयीची अट घातली, मोठ्या कामाचे लहान तुकडे पाडले आणि जागेवर मोजमाप न घेता बिलावर सही केली. अशा अधिकाऱ्याला गुन्हेगार म्हणावे का?

हा प्रश्न आपल्या कायद्यालाही अवघड गेला आहे. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात एक कलम होते. सार्वजनिक हित नसताना सरकारी सेवकाने कोणालाही आर्थिक लाभ मिळवून दिला तर तो गुन्हा ठरत असे. त्याने स्वतः लाच घेतली हे सिद्ध करण्याची गरज नव्हती. मे २०१७ मध्ये दिल्लीच्या विशेष न्यायालयाने केंद्रीय कोळसा खात्याचे माजी सचिव एच. सी. गुप्ता यांना एका खासगी कंपनीला दिलेल्या खाणपट्ट्याच्या प्रकरणात दोन वर्षांची शिक्षा दिली. त्यांनी लाच घेतली असा आरोप नव्हता. त्यांच्या प्रामाणिकपणाची ग्वाही देणारे अनेक सहकारी अधिकारी पुढे आले. देशभर चर्चा झाली की, चुकलेल्या निर्णयासाठी माणसाला तुरुंगात पाठवायचे का?

जुलै २०१८ मध्ये कायदा बदलला आणि ते कलम गेले. आता अधिकाऱ्याचा गैर हेतू दाखवावा लागतो. त्याने गैरवाजवी लाभ घेतला, किंवा ताब्यात सोपवलेली मालमत्ता अप्रामाणिकपणे लाटली वा दुसऱ्याला लाटू दिली, असे सिद्ध व्हावे लागते. मात्र लाभ म्हणजे केवळ रोख पैसा नव्हे, आणि तो दुसऱ्या कोणासाठी घेतला तरी सुटका नाही. पुतण्याला लावून दिलेली नोकरीही त्यात येऊ शकते. लाच देणाराही आता थेट गुन्हेगार आहे. ज्याला जबरदस्तीने द्यावी लागली, त्याने सात दिवसांत तक्रार केली तरच तो सुटतो.

या बदलात न्याय आहे असे आम्हांला वाटते. पुराच्या रात्री टेंडरची वाट न पाहता जवळच्या ठेकेदाराला बांध बांधायला लावणारा अधिकारी चोर नव्हे. प्रत्येक सहीला तुरुंगाची भीती असेल, तर कोणी सहीच करणार नाही आणि फाइली धूळ खात पडतील. चूक वेगळी, अपराध वेगळा.

पण कायद्याने सोडले म्हणजे सदसद्विवेकबुद्धीनेही सोडले असे होत नाही. लूकच्या शुभवर्तमानातला अन्यायी कारभारी आठवा. त्याने त्या दिवशी रोख काही घेतले नाही. ऋणकोंना बोलावून १०० मापे तेलाचे ५० करायला सांगितले, १०० मापे गव्हाचे ८०. सगळे खूश! पण सूट दिली ती कोणाच्या खिशातून? धन्याच्या. आणि कशासाठी? नोकरी गेल्यावर त्यांच्या घरी आसरा मिळावा म्हणून. प्रभूच्या दाखल्यात त्याच्या हुशारीची वाखाणणी आहे, पण त्याला अन्यायीच म्हटले आहे.

मर्जीतल्या ठेकेदारावर कृपा करणाराही असाच दुसऱ्याच्या मालातून मैत्री विकत घेतो. इथे धनी म्हणजे जनता. काडेपेटीवरही कर भरणारी मोलकरीण त्या धन्यांपैकी एक आहे. ज्या ठेकेदाराने प्रामाणिकपणे कमी दर भरला आणि हात हलवत परत गेला, त्याचाही घास हिरावला गेला. आणि खचलेल्या रस्त्यावर रात्री दुचाकीवरून पडणारा माणूस तर या व्यवहारात कुठेच नव्हता.

मग प्रामाणिक चूक आणि पक्षपात ओळखायचा कसा? आम्हांला एक साधी कसोटी सुचते. निर्णयाचे खरे कारण फाइलीत उघडपणे लिहिता येईल का? “पूर आला होता” हे लिहिता येते. “तो माझ्या मेहुण्याचा मित्र आहे” हे लिहिता येत नाही. जे कारण कागदावर उतरवायची लाज वाटते, तिथेच दोष सुरू होतो.

ही कसोटी फक्त मंत्रालयातल्या साहेबांसाठी नाही. आपण पतपेढीच्या संचालक मंडळावर असतो, सोसायटीच्या कमिटीवर असतो, चर्चच्या हॉलच्या रंगकामाचे दर मागवतो. “आपलाच माणूस आहे, देऊन टाकू” हे वाक्य आपल्या तोंडीही येते. आपल्या माणसाला मदत करणे चांगलेच, पण ती आपल्या खिशातून करावी. आणि कार्यालयात काम अडले की “कोणी ओळखीचा आहे का?” असे आपणच विचारतो ना? तो ओळखीचा माणूस रांगेतल्या कोणाला तरी मागे सारूनच आपल्याला पुढे घेतो.

या आठवड्यात कुठल्याही कागदावर सही करण्यापूर्वी आपण क्षणभर थांबू या आणि स्वतःला विचारू या, मी देतो आहे ते नक्की कोणाचे आहे?