आजचं मरण उद्यावर

२४ डिसेंबर १९७१. पेरू देशात लान्सा कंपनीचं विमान वादळात सापडलं आणि अ‍ॅमेझॉनच्या जंगलावर हवेतच फुटलं. विमानातल्या ९२ जणांपैकी १७ वर्षांची युलियाने कोपके तेवढी वाचली. खुर्चीला बांधलेली ती सुमारे तीन किलोमीटर खाली पडली होती. खांद्याचं हाड मोडलेलं, चष्मा गेलेला, पायात एकच सँडल आणि खायला गोळ्यांची एक पिशवी. रानात वाट चुकलीस तर ओढ्याच्या धारेनं खाली जा, माणसं भेटतील, असं वडिलांनी सांगून ठेवलं होतं. ती ओढ्यातून चालत राहिली आणि त्यातलंच पाणी पीत राहिली. अकराव्या दिवशी लाकूडतोडे भेटले. पाणी उकळायला तिच्याकडे ना भांडं होतं ना काडी, आणि दिवस पावसाचे. ओढ्याचं पाणी बाधेल म्हणून ती तहानेली राहिली असती, तर लाकूडतोड्यांपर्यंत पोचलीच नसती.

पाण्यावाचून माणूस जेमतेम तीन-चार दिवस काढतो. एप्रिलच्या उन्हात, तापल्या कातळावर, तेवढेही नाहीत. पाण्यातले जंतू मात्र बहुधा सवडीनं काम करतात. जिआर्डियाला पोट बिघडवायला आठवडाभर लागतो, टायफॉइडला एक ते तीन आठवडे, काविळीला साधारण महिना. कॉलरा तेवढा घाईचा, तो कधी काही तासांतच गाठतो. तरीही निवड तहान आणि गढूळ पाणी यांच्यातच उरली असेल, तर पाणी प्यावं. आजचं मरण उद्यावर ढकलणं असं आपण टोमणा मारताना म्हणतो. रानात नेमकं तेवढंच करायचं असतं. समुद्राचं पाणी आणि कारखान्याचं सांडपाणी यांना मात्र ही सूट नाही.

वैशाखात एखाद्या गडावरच्या टाक्याशी जाऊन बघा. वर शेवाळाचा हिरवा पापुद्रा, कोपऱ्यात कुणीतरी टाकलेला वेफर्सचा पुडा, कातळाच्या सावलीत बेडूक. हातानं शेवाळ बाजूला सारलं की खाली नितळ, गार पाणी दिसतं. या नितळपणावर भिस्त ठेवू नये. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. पण हातात थोडा वेळ असेल तर काहीच करता येत नाही असंही नाही. बांगलादेशातल्या मतलब भागात शास्त्रज्ञ रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांना जुन्या सुती साडीच्या चार घड्या करून त्यातून पाणी गाळायला शिकवलं. कॉलरा जवळपास निम्म्यावर आल्याचं त्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलं. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून असतात, ते जीव कापडात अडकतात. त्यातही धुऊन धुऊन जुनी झालेली साडी नव्या साडीपेक्षा सरस, कारण तिचे धागे फुगून छिद्रं बारीक होतात. आपल्याकडचा नारू हटण्यातही असं पाणी गाळण्याचा वाटा होता. २००० साली भारत नारूमुक्त ठरला. जवळ काडेपेटी आणि भांडं असेल तर मग प्रश्नच मिटला. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं लागतात, पण आपलं कळसूबाईसुद्धा १६४६ मीटरचं. वीस-वीस मिनिटं सरपण जाळण्याचं कारण नाही.

या सगळ्या हिशेबात एक अट मात्र दडलेली आहे. उद्यावर ढकललेलं मरण उद्या कुणीतरी अडवायला हवं. युलियानेला दवाखाना मिळाला. त्याच १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रोग्यांना मीठ-साखरेचं पाणी पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. बाधलेल्या पाण्यावरचा उतारा पुन्हा पाणीच. जुलाब सुरू झाले आणि उकळलेलं पाणी हाताशी नसलं, तरी मिळेल त्यातल्या त्यात बऱ्या पाण्यात ओआरएस कालवून द्यावं, थांबू नये.

आणि जिथे दवाखाना लांब आहे तिथे? २०२२ च्या जुलैत मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत नळाचं पाणी बंद होतं. लोक उघड्या विहिरीचं पाणी प्याले. अतिसाराची साथ पसरली, माणसं दगावली. ती काही वाट चुकलेली माणसं नव्हती. आपापल्या घरी होती. आपल्याला जो प्रसंग साहसकथेत वाचायला मिळतो, तो कितीतरी वाड्यापाड्यांवर दर उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसात येतो, आणि हंडा घेऊन झऱ्यावर उतरलेल्या बाईला तोच हिशेब रोज करावा लागतो. तिच्या निवडीला अडाणीपणा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

भटकंतीला निघताना सॅकेत क्लोरीनच्या गोळ्या, ओआरएसची दोन पाकिटं आणि कोरडी काडेपेटी टाकाच. आणि पायथ्याच्या गावात ज्या विहिरीवर बाटली भरून घेता, तिच्यात जंतू मारणारी टीसीएल पावडर शेवटची कधी पडली, हे तिथल्या ग्रामपंचायतीत विचारून या.