भगव्याचा करडा

शिर्डीच्या साईबाबांची मूळ छायाचित्रे बोटांवर मोजण्याइतकी. बाबा १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीला गेले. बाळाजी वसंत तालीम यांची संगमरवरी मूर्ती समाधी मंदिरात बसली ती थेट १९५४ मध्ये. शिल्पकारासमोर माणूस नव्हता, आधार कृष्णधवल फोटोचाच होता. हात जोडणाऱ्याला मग दर्शन कोणाचे घडते, बाबांचे की चांदीच्या क्षारांचे?

प्रश्न थट्टेचा नाही. त्या काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक फोटो-काचा तांबड्या रंगाला आंधळ्या असत. त्यांच्यावर निळे आकाश पांढरेफटक उतरे, भगवे वस्त्र जवळजवळ काळे, आणि सावळ्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या होत्या त्याहून खोल.

ज्ञानेश्वरी जिथे शके १२१२ मध्ये सांगितली गेली, त्या नेवाशात आज कोणी एकादशीला १२० रोलचा कॅमेरा घेऊन गेला, तर हाच पेच त्याच्या पिशवीत असतो. सहा बाय सहाच्या चौकटीत १२ फोटो. इलफर्डची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म ऑर्थो प्लस भरली तर वारकऱ्याची पताका काळी पडेल. सर्व रंग टिपणाऱ्या एफपी४ प्लस फिल्मवर ती करडी, आणि भिंगाला नारिंगी फिल्टर लावला तर उजळ. तिन्ही चित्रे खरी. पताका मात्र भगवी आहे.

पुढची निवड अंधारातली, डेव्हलपरची. १८९१चे रोडिनल चांदीचे कण जसेच्या तसे ठेवते, त्यामुळे दगडाचा पोत टोचेल इतका स्पष्ट येतो. डी-७६ मधले भरपूर सोडियम सल्फाइट कणांच्या कडा विरघळवते. चेहरा मवाळ दिसतो. तपस्वी रापलेला दिसावा की प्रसन्न, हे बरेचसे इथे ठरते. फोटो काढताना प्रकाश मोजणाऱ्या मीटरचे तर विचारूच नये. शनी शिंगणापूरचा काळा पाषाण आणि शिर्डीचा शुभ्र संगमरवर, दोन्ही त्याला एकाच करड्या रंगाचे हवे असतात. पाषाण काळाच ठेवायचा तर प्रकाश मुद्दाम कमी द्यावा लागतो.

मूर्ती माणूस घडवतो हे भाविकाला ठाऊक असते. प्राणप्रतिष्ठेचा विधी त्यासाठीच आहे. फोटोला तो विधी लागत नाही, कारण त्या देहावरून निघालेला प्रकाशच फिल्मला शिवलेला असतो. या अर्थाने फोटो पादुकांच्या जवळचा. पण फिल्म, फिल्टर, डेव्हलपर निवडणारा हात पाहिला की तो मूर्तीही आहे. अरणगावच्या मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ पासून १९६९ मध्ये देह ठेवेपर्यंत मौन पाळले. त्यांचे फोटो मुबलक आहेत; शब्दांचा भार या चित्रांवर पडतो, म्हणून तिथे हा प्रश्न अधिकच टोकदार होतो.

सगुण रूप नाकारण्याची गरज नाही, ते कोणी आणि कसे घडवले एवढे उघड असावे. नेवाशाला, शिर्डीला कॅमेरा नेणाऱ्यांनी भाविकाच्या हाती फोटो देताना मागे फिल्म, डेव्हलपर आणि तारीख जरूर लिहावी.