आधी डोळे, मग ओसरी

पोलंडचा ड्यूक बोलेस्वाव तिसरा 1138 मध्ये वारला आणि मुलांत राज्याची वाटणी झाली. पुढच्या पिढीत माझोव्हियाची जहागीर नातवाच्या, कोनरादच्या वाट्याला आली. विस्तुला नदीकाठचं प्वोत्स्क, दाट जंगलं, आणि उत्तरेला प्रुशियन टोळ्या. त्या मूर्तिपूजक टोळ्या येत, गावं जाळत, माणसं धरून नेत.

त्यांना थोपवून धरणारा एक माणूस कोनरादजवळ होता. गोझ्दोवचा क्रिस्तिन, त्याचा सेनापती. सीमेवर त्याच्या नावाचा वचक होता आणि दरबारातही त्याचं वजन वाढत होतं. नेमकं तेच धन्याला खुपलं. 1217 मध्ये कोनरादनं त्याला पकडलं, त्याचे डोळे काढले आणि मग जीव घेतला. सरहद्दीवर नजर ठेवणाऱ्याचेच डोळे!

त्यानंतर टोळ्यांना रान मोकळं झालं. सरहद्दीवरचा हेउम्नोचा मुलूख उजाड पडला. धर्मयुद्धं पुकारली, ती वाया गेली. शेवटी 1226 च्या सुमारास कोनरादनं ट्यूटॉनिक सरदारांना, पांढऱ्या झग्यावर काळा क्रूस मिरवणाऱ्या जर्मन धर्मयोद्ध्यांना, बोलावलं. वर हेउम्नोचा मुलूख देऊ केला. याच सरदारांना हंगेरीच्या राजानं आदल्याच वर्षी हाकलून लावलं होतं, कारण दिलेली जमीन ते स्वतःचीच समजू लागले होते.

भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. त्यांचा प्रमुख हेर्मान फोन झाल्त्सा धूर्त होता. मिळणारा आणि पुढे जिंकायचा सगळा मुलूख आपलाच, अशी सनद त्यानं सम्राट फ्रेडरिक दुसरा याच्याकडून करून घेतली. प्रुशियन तर हरलेच. पण त्यांच्या जागी घोडदळ, दगडी किल्ले आणि शहरं असलेलं राज्य शेजारी उभं राहिलं. ते टोळ्यांहून कितीतरी भारी पडलं.

सगळे कोनरादला 1226 साठी दोष देतात. मला चूक 1217 मध्येच दिसते. आपला कर्तबगार माणूस ज्याला सोसत नाही, त्याला परक्याचे पाय धरावे लागतात.

घराण्यानं यातून काही घेतलं नाही. कोनरादचा नातू वोकिएतेक पुढे पोलंडचा राजा झाला. त्याआधी, 1308 मध्ये, ब्रांडेनबुर्गच्या फौजेनं ग्दान्स्कला वेढा दिला, तेव्हा त्याच्या संमतीनं याच सरदारांना मदतीला बोलावलं गेलं. त्यांनी शत्रू पळवला, किल्ल्यातल्या पोलिश शिबंदीला बाहेर काढलं, नोव्हेंबरात शहरात कत्तल केली आणि ग्दान्स्क घशात घातलं. 1410 मध्ये ग्रुन्वाल्डच्या मैदानात त्यांचा कणा मोडला, तेव्हा पोलंडच्या बाजूनं लढणाऱ्यांत माझोव्हियाच्या तुकड्याही होत्या.

तरीही हेउम्नो आणि ग्दान्स्क परत मिळायला 1466 चा तोरूनचा तह व्हावा लागला. तोवर कोनरादला जाऊन 219 वर्षं झाली होती.