एका पैचा हिशेब



आजच्या चिंतनाला गीतेच्या सहाव्या अध्यायातला सतरावा श्लोक घेतलाय. ज्याचं खाणं-पिणं, फिरणं, काम, झोप आणि जागरण सगळं बेतात आहे, त्याचा योग दुःख दूर करणारा होतो, असं भगवान तिथे सांगतात. त्यात उपवासाचं कौतुक नाही, की खादाडपणाला सूटही नाही. फक्त बेत. आज हा बेत पैशाला लावून बघू. महिन्याच्या पंचवीस तारखेला बँकेचा मेसेज बघून छातीत धस्स होत असेल, तर संध्याकाळच्या हरिपाठात मन लागणार कसं?

आमचं गंगाखेड गोदावरीच्या काठावर. आम्ही तिला गंगाच म्हणतो. हीच गंगा वर पैठणला नाथांच्या वाड्याजवळून येते. त्या एकनाथांची एक गोष्ट कीर्तनात हमखास सांगतात. नाथ देवगिरीला जनार्दन स्वामींकडे असताना हिशेबाचं काम बघायचे. एकदा एका पैचा मेळ बसेना. रात्रभर दिव्याखाली वह्या चाळल्या आणि पहाटे चूक सापडली तेव्हा नाथांनी आनंदानं टाळी वाजवली. स्वामींनी ते बघितलं. एका पैची चूक सापडल्यावर एवढा आनंद, तर संसाराची मुळातली चूक सापडली तर केवढा होईल, असं ते म्हणाले.

माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्या माणसाला ही गोष्ट लगेच पटते. एका बगसाठी रात्र जागवणं आपल्याला नवं नाही. पण यातली एक बाजू सुटून जाते. स्वामींनी हिशेबाला क्षुद्र म्हटलं नाही, वह्या फेकून जप कर असंही सांगितलं नाही. जे चित्त एका पैसाठी एकाग्र झालं, तेच पुढे परमार्थात वळवलं.

"पांडुरंग बघून घेईल" असं म्हणून जे हिशेब टाळतात, त्यांनी आमच्या जनाबाईकडे बघावं. ती गंगाखेडची, आयुष्य गेलं पंढरपुरात नामदेवांच्या घरी चाकरीत. विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसायचा, असं आपण मानतो. तो आला तेव्हा जनीचा हात जात्याच्या खुंट्यावर होता. तिनं दळण सोडलं नव्हतं. आपल्या घरातलं दळण म्हणजे कर, कर्ज आणि म्हातारपणाची सोय.

आधी कर्ज. समजा घरासाठी ४० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, मुदत २० वर्षं. हप्ता साधारण ३४,७०० रुपये. पहिल्या हप्त्यातले २८,३०० व्याजात जातात, मुद्दल कमी होते जेमतेम ६,४०० रुपयांनी. २० वर्षांत व्याजच ४३ लाखांच्या वर जातं, म्हणजे मुद्दलापेक्षा जास्त. आता दरवर्षी बोनसमधून फक्त एक जादा हप्ता मुद्दलात भरा. कर्ज तीन वर्षांहून आधी फिटतं आणि आठ लाखांहून अधिक वाचतात. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरले म्हणून बँक दंड लावू शकत नाही, तसा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे.

मग कर. मार्च आला की कर वाचवायचा म्हणून घाईत पॉलिसी घेणारे आपल्यात कमी नाहीत. पण त्यावरची दीड लाखांची वजावट जुन्या करप्रणालीत मिळते, नव्या प्रणालीत ती नाहीच. आणि २०२५-२६ या वर्षापासून नव्या प्रणालीत फक्त पगारावर जगणाऱ्याला १२.७५ लाखांपर्यंत करच लागत नाही. दोन्ही गणितं एप्रिलमध्येच मांडून बघा. जो कर निघेल तो मात्र प्रामाणिकपणे भरा. भाड्याच्या खोट्या पावत्या लावून वाचवलेल्या पैशाचा नैवेद्य पांडुरंगाला कसा दाखवायचा?

आणि म्हातारपण. नोकरी बदलली की पीएफ काढून घेण्याचा मोह होतो. काढू नका, नव्या खात्यात वळवा. पीपीएफची १५ वर्षांची मुदत तिशीत लांब वाटते, पण पंचेचाळिशीत तीच हाताशी येते. आपल्यापैकी कितीतरी जणांचे आईवडील शेतीवर जगले, त्यांना पेन्शन नाही. त्यांचा आधार आपण आहोत. उद्या आपला भार मुलांवर पडू नये, एवढी तजवीज आजच्या काटकसरीतून व्हायला हवी.

पण जपून. हिशेबाचाही देव होतो. रोज दहा वेळा पोर्टफोलिओ उघडणाऱ्याचं चित्त एकाग्र नाही, ते अडकलेलं आहे. तुकोबांच्या घरी सावकारी होती. दुष्काळानंतर त्यांनी भाऊ कान्होबाला त्याच्या वाटणीची कर्जखतं दिली आणि आपल्या वाटणीची इंद्रायणीत बुडवली. भावाच्या हक्काला त्यांनी हात लावला नाही, सोडलं ते स्वतःचं. आधी चोख वाटणी, मग त्याग. हिशेबाशिवाय त्यागही नीट होत नाही.

जनाबाईचं नाव घेऊन गरिबीचं कौतुकही करू नये. ती दुसऱ्याच्या घरी राबली. आज आपल्या घरी भांडी घासायला येते ती मावशीही कुणाची तरी जनीच आहे. तिच्या म्हातारपणाचं काय, हे आपण कधी विचारलंय? अटल पेन्शन योजनेत १८ ते ४० वयाच्या, प्राप्तिकर न भरणाऱ्या माणसाला नाव घालता येतं. तिशीच्या बाईनं महिन्याला ५७७ रुपये भरले, तर साठीनंतर महिना ५,००० रुपये मिळतात. आपल्या दोघांच्या एका रविवारच्या हॉटेलच्या बिलात तिचा महिन्याचा हप्ता बसतो.

आजचा संकल्प दोन ओळींचा. रात्री हरिपाठ झाला की दहा मिनिटं घरच्यांसोबत बसून या महिन्याचा जमाखर्च लिहायचा. आणि उद्या मावशी आल्या की त्यांचं वय विचारायचं, बँकेत खातं आहे का ते विचारायचं, आणि पहिला हप्ता आपण भरायचा.

जनाबाई माउली की जय. राम कृष्ण हरी.