कोयत्याचं मत

मार्च २०२४ मध्ये निवडणूक रोख्यांतून पक्षांना पैसे देणाऱ्यांची यादी बाहेर आली आणि शिकल्यासवरल्या वर्तुळात एका मताला सिद्धांताचं वजन आलं: पुढारी धनदांडग्यांना विकले गेलेत, लोकसेवा हा देखावा. अर्थशास्त्राच्या एका नामवंत प्राध्यापकांनी व्याख्यानात हेच मांडून टाळ्या घेतल्या. सर्वोच्च न्यायालयाने रोखे घटनाबाह्य ठरवले याचा मला मनापासून आनंद आहे. प्राध्यापकांचा निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. त्यांच्या चित्रात धनवान एकीकडे, पुढारी दुसरीकडे आणि मधे थैली. आपल्या ऊसपट्ट्यात थैलीची गरजच पडत नाही. तिथे कारखान्याचा अध्यक्ष आणि आमदार पुष्कळदा एकच माणूस असतो.

अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगिळांनी सहकारी कारखान्यांसाठी खस्ता खाल्ल्या त्या यासाठी नव्हत्या. विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवलं, १९५० मध्ये प्रवरेचा कारखाना उभा राहिला आणि अध्यक्षपदी गाडगीळ बसले. गोखले संस्थेचा संचालक उसाच्या सभासदांचे हिशेब सांभाळत होता! मी गाडगिळांकडे पुन्हा पुन्हा जातो तो या धाडसासाठी. आर्थिक सत्ता खेड्यात आणि शेतकऱ्याच्याच हाती यावी, हा तो प्रयोग होता. सभासद वार्षिक सभेत उठून हिशेब मागेल, हे त्यात गृहीत होतं. बहुतेक ठिकाणी तो उठेनासा झाला.

मग नियम कोणासाठी झाले ते बघा. केंद्राच्या ऊस नियंत्रण आदेशात दोन कारखान्यांमध्ये किमान १५ किलोमीटर हवाई अंतर सांगितलं आहे. महाराष्ट्राने ते २५ केलं. म्हणजे शेजारी दुसरा काटा उभा राहणार नाही आणि शेतकरी एकाच दारात अडकेल. तोड लांबली की उभा ऊस वाळतो, वजन घटतं. शेतकरी तोडणीच्या टोळीला वर ‘खुशाली’ देतो, ड्रायव्हरचे हात ओले करतो आणि ऊस घालवतो. एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला रास्त दर, चौदा दिवसांत देणं बंधनकारक असताना फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्याने ती दोन हप्त्यांत द्यायची मुभा दिली. तो निर्णय रद्द व्हायला २०२५ मध्ये उच्च न्यायालय लागलं.

इथवर प्राध्यापक खूश होतील. पण याच राज्याच्या विधिमंडळाने, कारखानदारांचं वजन असताना, १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. मागेल त्याला काम, तेही कायद्याने. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांचा ध्यास त्यामागे होता. पैशासाठी शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला गेला. रस्ते, बंधारे झाले, त्याचा फायदा बागायतदारालाही झाला, हे खरं. तेवढ्यावर कायदा होत नाही. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला एकाच जागी आली होती आणि डाव्या, समाजवादी कार्यकर्त्यांनी त्यांचे मोर्चे काढले होते. ही माणसं आपापल्या पाड्यावर विखुरलेली असती तर पागेंचा ध्यास फायलीत राहिला असता, असं मला वाटतं.

म्हणून ‘पुढारी कोणाचे’ हा प्रश्न मला आता अपुरा वाटतो. ज्याला दुखवून चालत नाही, त्याचे ते असतात. कारखानदार कायम त्या जागी असतो. रोजगार हमीचा मजूर काही वर्षं होता.

ऊसतोड कामगार तिथे कधी पोचलाच नाही. बीडमधून मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन निघालेला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवाळीनंतर कोल्हापूर, सांगली किंवा कर्नाटकातल्या फडात असतो. २०२४ मध्ये विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं, गाळप हंगामाच्या अगदी तोंडावर. उचल फिटल्याशिवाय परतता येत नाही आणि मतासाठी दोन दिवसांची मजुरी बुडवणं परवडत नाही. सैनिकाला टपाली मतदान आहे, कोयत्याला नाही. जानेवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने स्थलांतरितांसाठीचं दूरस्थ मतदान यंत्र दाखवायला पक्षांना बोलावलं, पण विरोधी पक्षांनी शंका घेतल्या आणि विषय मागे पडला. शंका रास्त असतील, पण मग यंत्राशिवाय फडापर्यंत मतपेटी कशी न्यायची, हे त्याच पक्षांनी सांगायला हवं. साखर आयुक्तालयाकडे कारखान्यांची यादी असते, कारखान्याकडे टोळ्यांची, मुकादमाकडे नावांची. मतदारयादी बनवायला आणखी काय लागतं?